व्हिसाच्या अर्जात मी अंधेरीचा मॅनेजर कसा झालो

एस.टी.च्या आगारातून लिपिक म्हणून निवृत्त झाल्यापासून मी पावसजवळच्या आमच्या आंब्याच्या बागेत रमलेला माणूस आहे. जर्मनीत असलेल्या आमच्या मुलीचे पहिले बाळंतपण मागच्या वर्षी जूनमध्ये होते, आणि हंगाम मेअखेर आटोपत असल्यामुळे आम्ही दोघांनी त्यानंतर लगेच निघायचे असे ठरले होते. मुलगी म्हणत होती, “बाबा, फॉर्म मी इथून भरून देते.” पण ऑनलाइन अर्ज, इंग्रजी कागद, मुंबईची फेरी या सगळ्याची मला धास्ती वाटली आणि रत्नागिरीतील एका एजंटाकडे मी हे काम सोपवले. त्याच्याकडून गेलेली अनेक माणसे तिकडे व्यवस्थित पोहोचली असल्याचे ऐकले होते. त्यांतली बहुतेक आखाताकडे गेली होती, हे विचारायचे मात्र राहून गेले.

माणशी ४५ हजार रुपये असा आकडा ठरला. शेंगेन व्हिसाचे, म्हणजे जर्मनी-फ्रान्ससह युरोपातील बऱ्याच देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाचे, प्रौढांसाठीचे सरकारी शुल्क ९० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेआठ हजारांच्या आसपास, हे मला नंतर कळले. त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क आणि किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा धरला, तरी ४५ हजारांचा हिशोब लागत नाही. एजंटाचा मेहनताना असतो हे मान्य आहे. पण शुल्क किती आणि मेहनताना किती, हे त्याने कधीच वेगळे करून सांगितले नाही आणि भिडेपोटी मीही विचारले नाही. शिवाय तो “सहा महिन्यांचा व्हिसा काढून देतो” असे छातीठोकपणे म्हणत होता. शेंगेनच्या अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, एवढा एकच नियम मला माहीत असता तरी मी तिथूनच परत फिरलो असतो.

आमच्यापाशी खरे कागद भरपूर होते. बागेचा सातबारा आणि आठ-अ, वाशीच्या दलालाकडून आलेल्या तीन हंगामांच्या आंबाविक्रीच्या हिशोबाच्या पट्ट्या, निवृत्तिवेतनाचे पासबुक हे सगळे मी पिशवीत घालून नेले होते. त्याने पट्ट्यांचा गठ्ठा बोटाने बाजूला सारला आणि म्हणाला, “काका, आंब्याच्या चिठ्ठ्या कॉन्सुलेटमध्ये कोण वाचतो?” शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे माझे विवरणपत्र किरकोळ आकड्याचे असते, आणि नेमक्या त्याच गोष्टीची त्याने मला भीती घातली. खात्यात चार लाख रुपये दिसायला हवेत म्हणून ते त्यानेच कोणाकडून तरी माझ्या खात्यावर टाकून घेतले, उतारा निघताच परत नेले आणि त्याचे म्हणून बारा हजार वेगळे घेतले. मागील तीन महिन्यांचा उतारा पाहणाऱ्या माणसाला अशी एकाएकी आलेली रक्कम आधी खटकते, हे न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो, कारण माझी उभी नोकरी हिशोबाच्या वह्यांत गेली आहे. तरीही मी गप्प बसलो.

जर्मनीत ज्याच्याकडे पाहुणा येणार आहे, तो तेथील परदेशी नागरिकांच्या कार्यालयात २९ युरो भरून पाहुण्याच्या खर्चाची औपचारिक हमी देऊ शकतो. मुलीने ते हमीपत्र काढून ठेवले होते. एजंटाने ते घेतलेच नाही. जर्मनीची तारीख मिळत नाही, फ्रान्सची मिळते, एकदा आत शिरल्यावर कुठेही फिरता येते, आणि बाळंतपणाचे नाव काढले तर व्हिसा देतच नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. प्रत्यक्षात मुख्य मुक्काम ज्या देशात असेल त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, आणि नातेवाइकांना भेटायला जाणे हे अर्जातले सरळ, मान्य असलेले कारण आहे. सह्या मात्र त्याने कोऱ्या फॉर्मवर घेतल्या.

बोटांचे ठसे देण्यासाठी पहिल्या खेपेला स्वतः हजर राहावे लागते, म्हणून आम्ही रात्रीच्या कोकणकन्याने मुंबईस गेलो. केंद्रातल्या मुलीने कागद चाळता चाळता विचारले, “आपण अंधेरीला कामाला आहात ना?” विचारतील त्याला हो म्हणा, असे एजंटाने बजावलेले होते. मी हो म्हणालो. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि मी भिंतीवरच्या टोकन क्रमांकाकडे पाहत राहिलो.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आले. त्यांत व्हिसा नव्हता, सोबत एक छापील पत्र होते आणि त्यातील दोन चौकटींत खुणा होत्या: प्रवासाच्या कारणाविषयी दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, आणि जोडलेल्या कागदपत्रांच्या खरेपणाबद्दल शंका आहे. एजंटाने अपिलासाठी आणखी वीस हजार मागितले. तेव्हा मुलीने फोनवर एकच सांगितले, “बाबा, आधी अर्जाची पूर्ण प्रत मागा.” चार खेपा घातल्यावर ती प्रत हाती आली. त्यात मी अंधेरीच्या एका कंपनीत अकाउंट्स मॅनेजर होतो, मला दरमहा ८५ हजार पगार होता, आणि आम्ही दोघे पॅरिसच्या एका हॉटेलात अकरा रात्री राहणार होतो. कंपनीच्या रजापत्राखाली इंग्रजीत माझी सही ठोकलेली होती. मी आयुष्यभर मराठीत सही करीत आलो आहे. पासपोर्टवरही मराठीच आहे.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली, तेव्हा भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचे कलम ३१८ तिथे वाचून दाखवण्यात आले. मग साहेबांनी मूळ फॉर्मची प्रत माझ्यापुढे सरकवून विचारले, “ही खालची सही कोणाची?” ती माझीच होती. एजंटानेही तेच उत्तर दिले: काकांनी सही केली, माहिती काकांनीच दिली. रोख दिलेल्या पैशांची पावती नव्हती. नव्वद हजारांपैकी पंचवीस हजार त्याने गावातल्या दोन जाणत्या माणसांच्या मध्यस्थीने परत केले, बाकीचे बुडाले.

पैशांपेक्षा मोठे नुकसान वेगळेच आहे. शेंगेन देशांच्या सामाईक व्हिसा प्रणालीत नकाराची नोंद पाच वर्षे राहते आणि ती एजंटाच्या नावावर नसते, अर्जदाराच्या नावावर असते. त्यामुळे या वर्षी जर्मनीकडे नव्याने अर्ज करताना मी सोबत दोन पानी पत्र जोडले. मागचा अर्ज कोणी भरला, त्यात काय खोटे होते आणि मी कुठे हो म्हणालो, हे त्यात क्रमाने लिहिले. सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर, पट्ट्या, पोलीस तक्रारीची प्रत आणि मुलीने पुन्हा काढलेले हमीपत्र जोडले. तारीख मुलीनेच केंद्राच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतली. त्यासाठी तीन आठवडे रोज सकाळी पाहावे लागले, पण एजंट म्हणत होता तशी ती अशक्य नव्हती. व्यवसायाच्या रकान्यात निवृत्त कर्मचारी व आंबा बागायतदार असे लिहिले आहे. पासपोर्ट अजून मुंबईलाच आहेत. नात आता रांगायला लागली आहे, असे मुलगी सांगते.