वाचन शिकवणारा टॅब : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या अपडेटनंतर आमच्या वर्गातील टॅबवरच्या वाचन शिकवणाऱ्या ॲपमधला ‘ल’ बदलला आणि लांबणीवर पडत चाललेला हा अनुभव लिहायलाच हवा असे वाटले. अशा ॲपमध्ये काय असते ते बहुतेक शिक्षकांना ठाऊक आहे : अक्षरे गिरवणे, चित्र आणि शब्दांच्या जोड्या, मूल मोठ्याने वाचू लागले की शब्दागणिक रंगत जाणारी ओळ आणि शेवटी मिळणारे तारे. ते पुन्हा सांगत नाही.

मराठी पाठ्यपुस्तकात पाकळ्यांचा ‘ल’ असतो. वर्णमाला आणि अक्षरांची रूपे प्रमाणित करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २००९ साली स्वतंत्र शासन निर्णय काढला होता, इतका हा विषय आपल्याकडे गांभीर्याने घेतला गेला आहे. अपडेटनंतर मात्र टॅबवर हिंदी वळणाचा, उजवीकडे दंड असलेला ‘ल’ दिसू लागला. ‘श’चेही तेच झाले. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही, कारण आपण दोन्ही वळणे सहज वाचतो. पण ज्या मुलाने ‘ल’ नुकताच ओळखायला सुरुवात केली आहे, त्याच्यासाठी पडद्यावरचे हे अक्षर सर्वस्वी नवे असते. ‘कमल’ बिनचूक वाचणारी मुले टॅबवर ‘कम’पाशी थांबू लागली आणि पुस्तकातला ‘ल’ खरा की टॅबवरचा, असे विचारू लागली.

तक्रार केल्यावर आधी ॲप काढून पुन्हा टाकायला सांगण्यात आले, मग साठवलेली माहिती पुसायला, आणि शेवटी ‘दोन्ही अक्षरे बरोबरच आहेत’ असे उत्तर आले. हे उत्तर मला आजही पटलेले नाही. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक ठरवून देणाऱ्या युनिकोड या प्रमाणपद्धतीत दोन्ही वळणांना एकच संकेतांक आहे हे खरे. पण पडद्यावर कोणते वळण उमटेल, ते फॉन्टवर आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली आहे की नाही यावर ठरते. म्हणजे हे काम ॲप बनवणाऱ्यांचे आहे, आणि वाचन शिकवण्यासाठीच बनवलेल्या साधनात ते सर्वांत आधी व्हायला हवे. अखेर एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून टॅबची मूळ भाषा इंग्रजीऐवजी मराठी केली आणि गोष्टींमधला ‘ल’ पूर्ववत झाला. गिरवण्याचा सराव चित्ररूपात साठवलेला असल्यामुळे तिथे हिंदी वळणच राहिले आहे. पहिलीसाठी तो भाग मी बंदच ठेवला आहे आणि तेवढे काम पाटीवर करून घेते.

उच्चार ऐकून दाद देणाऱ्या भागाविषयी माझे मत प्रारंभी प्रतिकूल होते. ‘चाक’मधला च आणि ‘चिमणी’मधला च वेगळे आहेत, हे या ॲपच्या कानाला कळत नाही, मुलाने ‘च्याक’ असे वाचले तरी शब्द हिरवा होतो. हा दोष आजही तसाच आहे. तरीही काही आठवड्यांनी मत बदलावे लागले. वर्गासमोर उभे राहून एक ओळही न वाचणारी एक मुलगी कोपऱ्यात टॅब घेऊन तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा, स्वतःच्या मनाने वाचत असल्याचे मी पाहिले. मोठ्या वर्गात प्रत्येक मुलाचे वाचन रोज ऐकणे एका शिक्षकाला शक्य होत नाही. चुकल्यावर कुणी हसणार नाही, घाई करणार नाही, अशी सरावाची जागा मुलांना टॅबने दिली, हे मी मनापासून मान्य करते. इंटरनेट नसतानाही गोष्टी चालतात, ही सोयही मोठी आहे.

वेगाच्या मोजणीविषयी मात्र माझा आक्षेप कायम आहे. ॲप मिनिटाला किती शब्द वाचले ते मोजते. पायाभूत वाचन आणि गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे, त्यामुळे या आकड्याकडे सगळ्यांचेच लक्ष असते. पण मराठीत ‘तो’ हाही एक शब्द आणि ‘घरासमोरच्या’ हाही एकच शब्द. प्रत्यय जोडून लांबलेल्या शब्दांचा परिच्छेद आला की चांगल्या वाचकाचाही वेग पडतो आणि तारे कमी होतात. मग मुले अडखळायला नको म्हणून लहान शब्दांच्या गोष्टीच निवडू लागतात. लांब शब्दावर बोट ठेवले तर ॲप तो अखंड उच्चारून दाखवते. ‘घर’, ‘समोर’ आणि ‘च्या’ असे तुकडे पाडून दाखवत नाही, आणि मुलाला नेमकी त्याच मदतीची गरज असते.

आकलनाचे प्रश्न फारच उथळ आहेत. गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ साली मांडले की वाचून समजणे हा अक्षरे उलगडण्याचे कौशल्य आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर फळही शून्य. हा टॅब पहिल्या बाजूवर बरेच काम करतो, दुसऱ्या बाजूला जवळपास हात लावत नाही. त्यामुळे टॅबवरची गोष्ट वाचून झाली की मी मुलांकडून ती त्यांच्या शब्दांत, त्यांच्या बोलीत सांगून घेते.

दुसरी-तिसरीच्या वर्गात, शिक्षक जवळ असताना, रोज थोडा वेळ सरावासाठी हा टॅब जरूर वापरावा. अक्षरओळखीसाठी सध्या मी तो सुचवणार नाही. तुमच्या शाळेत असे साधन येणार असेल, तर ते स्वीकारण्यापूर्वी त्यात ‘लाल शाल’ आणि (जोडाक्षरातला ‘ऱ’ पाहण्यासाठी) ‘दऱ्या’ हे शब्द उघडून पाठ्यपुस्तकाशेजारी ठेवून पाहावेत, आणि गिरवण्याचा सरावही स्वतंत्रपणे तपासावा, कारण गोष्टीतले अक्षर बरोबर असले तरी तिथले चुकलेले असू शकते.