नळावरचा कोकम सोडा: आडवा डीप फ्रीझर, जुना फ्रिज की बर्फाची पेटी?

घरी बीअर बनवणाऱ्या अमेरिकी हौशी मंडळींनी आडव्या डीप फ्रीझरच्या पोटात स्टीलची पिंपं ठेवली, वर नळ बसवले आणि त्या खटाटोपाला ‘कीझर’ म्हणायला सुरुवात केली. केग अधिक फ्रीझर म्हणून कीझर. आत काय भरलंय याच्याशी यंत्राला देणंघेणं नसतं. आपल्याकडे घरी बीअर बनवायची तर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आडवा येतो. परवान्याशिवाय ती बनवणं हाच गुन्हा, विका किंवा न विका. पण अलिबाग ते वेंगुर्ले पट्ट्यात होमस्टे असेल, खानावळ असेल किंवा मे महिन्यात घरात वीस माणसं उतरत असतील, तर कोकम सोडा आणि आलं-लिंबू नळातून फसफसत यायला हीच जोडणी चालते.

गार करायचे मार्ग तीन. निकाल आधीच सांगून टाकू. एक-दोन केग आणि वर्षभर वापर असेल तर जुना फ्रॉस्ट-फ्री फ्रिज घ्या. तीन किंवा जास्त केग, घरात बंदिस्त जागा आणि उचलायला दोन धडधाकट माणसं असतील तर डीप फ्रीझर. फक्त दिवाळी ते मे एवढ्या हंगामापुरतं, नाहीतर लग्नाच्या मांडवात आणि जत्रेत लावायचं असेल तर बर्फाची पेटी. इंटरनेटवर डीप फ्रीझरचे गोडवे फार ऐकू येतात, पण ते कोरड्या हवेतल्या गॅरेजमधून आलेले असतात. आपल्या पडवीत जुलैमध्ये भिंतीला पाणी सुटतं, हे त्या हिशेबात धरलेलं नसतं.

गॅसची बाजू: तिन्हीकडे सारखीच

पेय फसफसवायला आणि नळापर्यंत ढकलायला कार्बन डायऑक्साइड वायू लागतो. खर्चाचा मोठा वाटा इथे जातो आणि पेटी कुठलीही घेतली तरी तो टळत नाही. १९ लिटरचा कॉर्नेलियस केग हे प्रमाण माप. पूर्वी शीतपेयांच्या कंपन्या सरबताचा पाक यातून पुरवत; त्यांनी पिशवीबंद पाक सुरू केल्यावर हे केग हौशी लोकांकडे आले. बॉल-लॉक जोडणीच्या केगचा व्यास साधारण २२ ते २३ सेंमी, उंची ६३ सेंमीच्या आसपास. वरच्या जोडण्यांसह ७० सेंमी मोकळी उंची लागते. भरल्यावर वजन २३ किलोच्या घरात. वापरलेला केग घेतलात तर झाकणाची आणि नळ्या जोडायच्या वरच्या दोन्ही खांबांची रबरी रिंग न बघता बदला. जुन्या पेयाचा वास त्यात मुरलेला असतो.

सिलिंडरच्या बाबतीत चुका जास्त होतात. आग विझवायचा कार्बन डायऑक्साइडचा नळकांडा स्वस्तात मिळतो म्हणून घेतला, तर त्याच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते. त्यातून वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटर कामातून जातो. वेल्डिंगच्या दुकानातला रेग्युलेटरही चालत नाही, कारण तो दर मिनिटाला किती लिटर वायू वाहतो ते दाखवतो. आपल्याला दाब दाखवणारा आणि दाब धरून ठेवणारा हवा. अमेरिकी धाटणीच्या रेग्युलेटरची आटी आपल्याकडच्या व्हॉल्व्हला बसेलच असं नाही, म्हणून आधी सिलिंडर ताब्यात घ्या आणि त्याला बसणारा रेग्युलेटर नंतर. वायू खाद्य दर्जाचा मागा. सिलिंडरच्या मानेवर दाबचाचणीची तारीख ठोकलेली असते. ती उलटून गेलेली असेल तर भरून देणारा परत पाठवतो.

किती गॅस लागेल? कडक सोड्याचा एक केग गार पाण्यापासून तयार करून शेवटच्या ग्लासापर्यंत ढकलायला पाव किलो ते तीनशे ग्रॅम. दोन किलोच्या सिलिंडरमध्ये सहा-सात केग होतात. किती उरलाय ते मोठ्या दाबाच्या काट्यावर कळत नाही, कारण आत द्रव शिल्लक असेपर्यंत काटा हलतच नाही. तराजूवर ठेवा आणि रिकामं वजन वजा करा. सिलिंडर उभा आणि सावलीत हवा. ३१ अंशांच्या वर आतला द्रव द्रव राहत नाही आणि दाब भराभर चढतो. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या सिलिंडरची सुरक्षा-चकती फुटू शकते.

आता दाब. तो पीएसआय या एककात मोजतात. ४ अंशांना आणि १२ पीएसआयला पेयात त्याच्या अडीचपट आकारमानाचा वायू विरघळतो, म्हणजे बीअरइतका फेस. सोडा जिभेला चावला पाहिजे, त्यासाठी चारपट हवा आणि ४ अंशांनाच २८ पीएसआय लागतो. दाब वाढला की केगपासून नळापर्यंतची नळीही लांब लागते. ५ मिमी आतल्या व्यासाच्या नळीला १२ पीएसआयसाठी ३ मीटर पुरते, २८ साठी ७ ते ८ मीटर. नळी आखूड राहिली की ग्लासात नुसता फेस पडतो आणि दोष गॅसला दिला जातो.

आडवा डीप फ्रीझर

याचं बळ त्याच्या आकारात आहे. झाकण उघडलं तरी गार हवा खालीच राहते. तीन भरलेले केग ४ अंशांवर असताना वीज गेली, तर झाकण न उघडता अर्धा दिवस पेय गार राहतं. २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मंडणगड-दापोली भागातल्या अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती, त्यावर अर्थात कुठल्याच पेटीचा इलाज नाही. पण रोजच्या चार-पाच तासांच्या खोळंब्याला फ्रीझर सहज पुरून उरतो.

विकत घेण्याआधी पुठ्ठ्याची २३ सेंमी व्यासाची वर्तुळं कापून तळाला मांडून बघा. लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. एका बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, त्यावर केग मावत नाही.

भारतात मिळणाऱ्या बऱ्याच दुकानी फ्रीझरना ‘कन्व्हर्टिबल’ म्हणतात. बटण फिरवलं की ते उणे १८ ऐवजी २ ते ८ अंशांवर चालतात. असा मिळाला तर बाहेरचा तापमान-नियंत्रक लागतच नाही. साधा असेल तर नियंत्रक लावा: ४ अंश, दीड अंशाचा फरक आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी पाच मिनिटांची उसंत. त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. केगच्या मधल्या उंचीवर चिकटपट्टीने बसवा आणि वरून थर्मोकोलचा तुकडा लावा. हवेत राहिला तर झाकण उघडताच कॉम्प्रेसर चालू होतो. निसटून पेटीबाहेर पडला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि सकाळी केगमध्ये बर्फाचा ठोकळा सापडतो.

नळासाठी फ्रीझरच्या अंगाला भोक पाडायचं नाही. गरम वायूच्या नळ्या पत्र्याला आतून चिकटलेल्या असतात. ड्रिलचं एक टोक लागलं की फ्रीझर संपला. म्हणून झाकण काढून पेटी आणि झाकण यांच्यामध्ये १५ ते २० सेंमी उंचीची लाकडी चौकट बसवतात आणि नळ त्या चौकटीत घेतात. सुताराला मुरलेलं सागवान किंवा मरीन प्लाय सांगा आणि सगळ्या कडा, विशेषतः कापलेल्या, इपॉक्सीने बंद करून घ्या. आतून २५ मिमी जाडीचा दाट फोम. चौकट पेटीच्या काठावर सिलिकॉनने चिकटवा, स्क्रू मारू नका, कारण काठाखालूनही गरम नळी फिरवलेली असू शकते. मागच्या बिजागऱ्या चौकटीवर येतात. नळाच्या दांड्यासाठी २२ मिमीचं भोक पुरतं. दांडा लाकूड आणि फोम मिळून होणाऱ्या जाडीपेक्षा लांब घ्या.

आता दुखणी. फ्रीझर उणे १८ ला चालतो तेव्हा हवेतला ओलावा भिंतीला बर्फ होऊन बसतो. ४ अंशांना त्याचं पाणी होतं आणि तळात साचतं. ते आपोआप बाहेर काढणारी सोय आत नसते. कोकणच्या पावसाळ्यात आठवड्याला फडकं मारावं लागतं, नाहीतर चौकटीच्या आतल्या बाजूला काळी बुरशी धरते. कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे डबे लावता येतात, पण ते भरतात फार लवकर. दुसरं दुखणं म्हणजे तळ ३ अंशांवर तर चौकटीतला नळ १२ वर असू शकतो, आणि पहिला ग्लास फेसाचा येतो. तळातली हवा वर फेकणारा संगणकातला १२ व्होल्टचा पंखा कायम चालू ठेवला की हे बरंच थांबतं.

तिसरं, जे बोललं जात नाही, ते उचलण्याचं. पेटीचा काठ आणि चौकट धरून मीटरभर उंची होते. २३ किलोचा केग त्यावरून उचलून आत सोडायचा, तोही नळ्या न चेपता.

खाऱ्या वाऱ्याचा निकाल मात्र दुहेरी आहे. फ्रीझरच्या नळ्या पत्र्याआड झाकलेल्या असल्याने लवकर गंजत नाहीत. पण गळती लागलीच तर त्या फोममध्ये गाडलेल्या असतात. तिथे दुरुस्ती जवळपास नाहीच. चारही बाजूंनी दहा-पंधरा सेंमी जागा सोडा, कारण उष्णता त्याच भिंतींतून बाहेर पडते.

आणखी एक खबरदारी. सिलिंडर पेटीच्या बाहेर ठेवा. गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड असल्याने पेटीत तळाला साचतो आणि केग बदलताना डोकं नेमकं तिथेच जातं.

जुना उभा फ्रिज

याच्या दाराला भोक पाडता येतं, कारण गारव्याच्या नळ्या दारात नसतात. दाराच्या आतले कप्पे काढा, नळ दारातून घ्या, झालं. स्वतःचा थर्मोस्टॅट असल्याने नियंत्रक नको. केग गुडघ्याच्या खालीच उचलायचा असतो.

दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री असेल तर ओलावा आपोआप मागच्या ताटलीत जाऊन वाळतो. कोकणात एवढ्या एका गुणावर त्याचं पारडं जड होतं. वर पंखाही आयता आहे, आणि वरच्या खणात बर्फ आणि सुरमई राहतेच.

अडचण मापाची. खालच्या भागात ७० सेंमी सलग उंची मिळते का ते टेपने बघा. मागे कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो; त्याच्या पातळीला प्लायचं व्यासपीठ केलं तर खोली मिळते पण उंची जाते. बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये एक केग नीट बसतो, दुसरा रडतखडत. एक दाराच्या फ्रिजमध्ये वरचा बर्फाचा खण आडवा येतो, आणि तो वाकवून बाजूला करायचा मोह होतो. नव्या फ्रिजमध्ये आर६००ए हा ज्वलनशील वायू असतो. नळी पिचली तर फ्रिज जातोच, शिवाय जवळ ठिणगी नको.

मागे उघडी जाळी असलेला जुना फ्रिज समुद्रकाठी लवकर गंजतो, हे खरं. पण ती जाळी डोळ्यांना दिसते आणि तालुक्याचा मेकॅनिक झाळून किंवा बदलून देतो.

बर्फाची पेटी

केग बाहेर, सावलीत. पेय १५ मीटर स्टीलच्या वेटोळ्यातून जातं आणि वेटोळं बर्फाच्या पाण्यात बुडालेलं. वीज लागत नाही. १९ लिटर ३० अंशांवरून ५ वर आणायला गणिताने ६ किलो बर्फ लागतो. मांडवात १० ते १२ किलो धरा. मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा मासेमारीच्या बंदरांवर लादी मिळते. पेय बर्फाला शिवत नसल्याने मासळीचा बर्फही चालतो, फक्त ग्लासात तो पडू देऊ नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बर्फाची चौकशी आधी करा.

नुसता बर्फ घालू नका, त्यात पाणी हवं, नाहीतर वेटोळ्याला गारवा लागत नाही. आणि आइस्क्रीमच्या भांड्याची सवय म्हणून मीठ तर मुळीच नको: पाणी शून्याखाली जातं आणि पेय वेटोळ्यातच गोठून नळ बंद पडतो.

केग ३० अंशांवर असल्यामुळे अडीचपट फेस धरून ठेवायलाच ३८ पीएसआय लागतो. कडक सोडा या पेटीतून नीट येत नाही. आलं-लिंबासारखं मध्यम फेसाचं पेय ठेवा.

केगमध्ये काय भरायचं

सोलकढी नाही. नारळाचं दूध फाटतं आणि त्याची साय व्हॉल्व्हमध्ये बसते. आगळही नाही, कारण त्यात मीठ भरपूर असतं. आंबट आणि खारट एकत्र आलं की ३०४ दर्जाच्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात. अमृत कोकम चालतं, पण चार पदरी कापडातून गाळलेलं. पाणी घातलेलं सरबत ४ अंशांनाही आठवड्याच्या आत संपवा, नंतर ते आंबायला लागतं. नळ्या लाल होतात त्या होतातच. त्या नळीतून पुन्हा साधा सोडा घेण्याची आशा सोडा.

त्यापेक्षा केगमध्ये फक्त सोडा ठेवावा आणि सरबत ग्लासात घालावं. एका नळावर कोकम, आवळा, करवंद, जांभूळ सगळं भागतं, मुंग्या नळाकडे फिरकत नाहीत आणि धुणं निम्म्यावर येतं. पाणी उकळून गार केलेलं घ्या. उकळल्याने विरघळलेली हवा निघून जाते आणि वायू लवकर मुरतो. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, ते आरओतून काढा. १७ लिटर भरा, वरची हवा झडप तीन-चार वेळा सोडून काढून टाका, रात्रभर ४ अंशांवर गार करा आणि मगच २८ पीएसआय लावून आठवडाभर ठेवा. कोमट पाण्यात गॅस नीट मुरत नाही, कितीही हलवा.

नळ आणि दांडा पूर्ण स्टीलचे घ्या. चकचकीत पितळी नळाचा मुलामा वर्षभरात उडतो आणि सोड्याचं आम्ल खालच्या तांब्या-पितळेला लागतं. ते पाणी पिण्याजोगं नसतं. दर केगनंतर कोमट पाणी आणि धुण्याचं खाद्य-दर्जाचं अल्कली द्रावण नळीतून फिरवा, मग साधं पाणी, आणि नळ उघडून आतला पिस्टन हाताने पुसा. दोन दिवस नळ वापरात नसेल तर त्याच्या तोंडाला टोपी लावा. फळमाशी आत शिरते ती नेमकी तिथूनच.