नॅनोतारांच्या मोजणीसाठी घेतलेला फिल्टरांचा डबा: वर्षभराच्या वापरानंतर

अतिशीत तापमानातल्या विद्युत मोजणीसाठी तयार मिळणारा, चोवीस तारांचा एक फिल्टरसंच, म्हणजे तारांवाटे येणारा विद्युत गोंगाट गाळणारी साधने, आम्ही गेल्या वर्षी डायल्यूशन रेफ्रिजरेटरमध्ये (निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेणाऱ्या शीतयंत्रात) बसवला. पुढे तक्रारीही यायच्या असल्यामुळे उत्पादकाचे नाव लिहीत नाही. तळहातावर मावेल एवढा हा तांब्याचा डबा आहे. त्यात प्रत्येक तारेला आधी रोधक आणि कपॅसिटर यांची साधी जोडी आहे, आणि त्यापुढे इपॉक्सीत कालवलेल्या तांब्याच्या भुकटीत पुरलेले वेटोळे.

अतिवाहक तार दहा-वीस नॅनोमीटर इतकी बारीक झाली, की संक्रमण तापमानाच्या, म्हणजे ज्याखाली अतिवाहकाचा विद्युतरोध एरवी नाहीसा होतो त्या तापमानाच्या, खाली गेल्यावरही तिचा रोध शून्यावर येत नाही. तारेच्या एखाद्या बिंदूपाशी अतिवाहकता क्षणभर मावळते, तेवढ्यात फेज (अतिवाहक इलेक्ट्रॉनांच्या सामायिक तरंगाची कला) २π ने, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याने, घसरतो, आणि अशा प्रत्येक घसरणीबरोबर व्होल्टेजचा एक सूक्ष्म स्पंद उमटतो. उष्णतेमुळे होणाऱ्या घसरणीचे गणित लँगर आणि अंबेगावकर यांनी १९६७ मध्ये मांडले व मॅककंबर आणि हाल्पेरिन यांनी १९७० मध्ये ते पुढे नेले. त्यानुसार तापमान उतरत जाईल तसा रोध घातांकी वेगाने कोसळायला हवा. १९८८ मध्ये जिओर्डानो यांना इंडियमच्या तारांत तो तसा न कोसळता रेंगाळताना दिसला, आणि या शेपटीचे कारण त्यांनी क्वांटम टनेलिंगमध्ये, म्हणजे पुरेशी उष्णता नसतानाही ऊर्जेचा अडथळा पार होण्यात, शोधले. अडचण अशी की खोलीच्या तापमानातून तारांवाटे खाली उतरणारा गोंगाटही नेमकी तशीच शेपटी काढतो. १ केल्व्हिनच्या औष्णिक ऊर्जेशी जुळणारी वारंवारिता सुमारे २१ गिगाहर्ट्झ आहे, आणि तिथे रोधक-कपॅसिटरची जोडी निरुपयोगी ठरते, कारण एवढ्या वारंवारितेचा संकेत रोधकाला वळसा घालून निसटतो. भुकटीचा उपयोग इथे होतो. ऑक्साइडचा थर चढलेल्या असंख्य कणांचा एकत्रित पृष्ठभाग प्रचंड असतो, आणि संकेत त्यात उष्णता होऊन विरतो.

आमच्याकडे मॉलिब्डेनम-जर्मेनियमची एक तार होती. लघुगणकी अक्षावरच्या तिच्या आलेखात आधी दोन्ही बाजूंचे पातळ पटल अतिवाहक झाल्याची पायरी दिसे, मग तारेची स्वतःची उतरण, आणि १ केल्व्हिनच्या खाली जवळजवळ आडवी शेपटी. डबा बसवल्यानंतर त्याच तारेची शेपटी नाहीशी झाली आणि रोध प्रवर्धकाच्या गोंगाटात बुडाला. मधल्या काळात तार खोलीच्या तापमानाला आली होती हे खरे, पण तिचा सामान्य अवस्थेतला रोध तेवढाच राहिला होता. त्यामुळे तारच बदलली असा बचाव आम्हाला करता आला नाही. दोन महिने ज्याला आम्ही क्वांटम घसरण म्हणत होतो, तो आमचाच गोंगाट होता. या तारेहून बारीक असलेल्या दुसऱ्या तारेची शेपटी मात्र डबा बसवल्यावरही टिकली, आणि तिच्याविषयी बोलताना आता मला पूर्वीइतका संकोच वाटत नाही.

तक्रारींपैकी सर्वांत मोठी कागदपत्रांविषयी आहे. सोबत आलेला क्षीणनाचा (कोणत्या वारंवारितेचा संकेत किती दुबळा होतो याचा) आलेख केवळ खोलीच्या तापमानाचा होता. डबा द्रव हीलियमच्या ४.२ केल्व्हिनला तपासला, तेव्हा डब्यातल्या काही तारांची छेदन वारंवारिता (जिच्या वरचा संकेत फिल्टर अडवू लागतो ती) बरीच वर सरकलेली आढळली. थंडीत धारिता घटणारे सिरॅमिक कपॅसिटर त्यांत वापरले होते, आणि अशा वस्तूत ही चूक अक्षम्य आहे. इपॉक्सी निवायलाही फार वेळ घेते. तापमापक स्थिरावल्यानंतर काही तास थांबल्याशिवाय घेतलेल्या नोंदींवर मी विसंबत नाही. रोधकांच्या उष्णतेची धास्ती मात्र व्यर्थ ठरली, कारण १ किलोओहमच्या रोधकातून १ मायक्रोअँपिअर प्रवाह गेला तर केवळ १ नॅनोवॉट उष्णता निर्माण होते.

तारा जमिनीशी जोडून ठेवणारे स्विच या संचात नाहीत. जोडणी बदलताना अंगावरच्या स्थिर विद्युतभाराने आमच्या दोन नॅनोतारा जळाल्या. निष्काळजीपणा आमचाच होता, तरी ज्या ग्राहकाचा नमुना दहा नॅनोमीटरचा आहे त्याच्यासाठी ही सोय डब्यासोबतच यायला हवी होती. दुसरा संच मागवताना आम्ही प्रत्येक कपॅसिटरचा प्रकार आणि ४.२ केल्व्हिनवरचा क्षीणनाचा आलेख या दोन गोष्टी मागणीपत्रातच लिहून घेतल्या; त्यासाठी उत्पादकाने मुदत वाढवून मागितली आणि आम्ही ती दिली.