नौपाड्यातलं लॅटिनवालं सेशन, स्पॅनिश-फ्रेंच शिकणाऱ्यांनी नक्की करा

ठाण्यात नौपाड्याला गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक छोटा लँग्वेज क्लास आहे, तिथे रेग्युलर बॅचशिवाय अधूनमधून रविवारी एकाच विषयावर दोन तासांचं सेशन ठेवतात, यावेळी विषय होता लाडाने हाक मारायचे शब्द आणि ते लॅटिनमधून कसे आले. मी स्पॅनिश शिकतेय म्हणून गेले आणि आता भेटेल त्याला सांगतेय की जा.

मॅडमची पद्धत भारी आहे. आधी फळ्यावर लॅटिन शब्द, मग त्यातून कुठल्या भाषेत काय निघालं ते. कारुस म्हणजे लाडका आणि महागही, त्यातून इटालियन कारो, फ्रेंच शेर आणि शेरी. इटालियनमध्ये अजून दोन्ही अर्थ चालतात, स्पॅनिशमध्ये मात्र कारो म्हटलं की बहुतेक वेळा महागच. मग वाटतं स्पॅनिशमधला कारिन्यो, म्हणजे माया, पण यातलाच असणार, पण नाही, अभ्यासक तो लॅटिन कारेरेशी जोडतात, कारेरे म्हणजे एखादी गोष्ट जवळ नसणं, आधी आठवण येणं आणि मग त्यातून माया. स्पॅनिश केरिदो, म्हणजे लाडका, आला लॅटिन क्वाएरेरेवरून, म्हणजे शोधणं, मागणं, त्यामुळे ‘ते किएरो’ या स्पॅनिश वाक्यात हवं असणं आणि प्रेम करणं एकत्र का, हे पाठ करायची गरजच उरत नाही. मग त्यांनी सिसेरो या रोमन वक्त्याचं पत्र काढलं, इ.स.पू. ५८ मध्ये हद्दपारीत असताना बायको तेरेन्तियाला लिहिलेलं, त्यात तो तिला ‘मेआ लुक्स, मेउम देसिदेरिउम’ म्हणतो, माझा उजेड, माझी ओढ. खरंच अंगावर काटा आला, दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आणि किती जवळचा वाटतो.

आणि फ्रेंचमधली लाडाची हाक ‘मों शू’, म्हणजे माझा कोबी! शू म्हणजे कोबी, लॅटिन काउलिस म्हणजे देठ, त्यातून फ्रेंच शू झाला तसाच पोर्तुगीज कोव्ह झाला, आणि आपला कोबी पोर्तुगीजांकडूनच आला. ठाण्यात तर १७३७ पर्यंत त्यांचंच राज्य होतं, त्यामुळे भाजीवालीकडे आपण जे मागतो तो शब्द पॅरिसमधल्या लाडाच्या शब्दाचा नातेवाईक आहे, हे ठाण्यात बसून ऐकायला फार छान वाटलं.

रोमानियन शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं ते खटकलं, कारण भाषा लॅटिनमधून आलेली पण लाडाचा ‘द्राग’ हा शब्द स्लाव्हिक, म्हणजे रशियन-पोलिशच्या घराण्यातला, हे का झालं त्यावर अर्धा तास तरी हवा होता. फ्रेंच उच्चारही पळवले, नवीन माणसाला झेपणार नाहीत.

खोली लहान आहे, लवकर जाऊन पुढे बसा. नोट्स मिळत नाहीत, वही न्या. गाडी अजिबात आणू नका, पार्किंग नाहीच, स्टेशनवरून चालत जाता येतं.