खायची द्राक्षं लावावीत की वाईनची? औशाकडच्या दोन एकरांचा विचार

औशाच्या चुलतभावाचा परवा फोन आला. "दादा, दोन एकर मोकळं केलंय. माणिक चमन, म्हणजे खायची, लावू का वाईनची? वाईनला म्हणं डिपिंग नाही, विरळणी नाही, मजुरांच्या मागं पळायचं काम नाही." त्यानं ऐकलेलं खरं आहे, पण अर्धंच. लातूर, धाराशिव, जालन्याकडं हा प्रश्न पडलेले आणखीही कुणी असतील, म्हणून सविस्तर लिहितो.

मजूर कमी का लागतात, ते आधी बघू. खायचं द्राक्ष डोळ्यांनी विकलं जातं. व्यापारी बागेत येतो तो मण्याचा आकार, लांबी आणि रंगाचा एकसारखेपणा बघतो. त्यासाठी आपण डिपिंग करतो, म्हणजे जीए या वाढीच्या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतो, आणि विरळणीला कात्री घेऊन घडातले मणी काढत बसतो. वाईनवाल्याला फुगवलेला मणी नकोच असतो. वाईनचा रंग, बराचसा वास आणि जिभेला जाणवणारा तुरटपणा सालीतून येतो. मणी जितका लहान, तितकं रसाच्या मानानं सालीचं प्रमाण जास्त. म्हणून ते मणी लहानच राहू द्यायचे.

दुसरा फरक तोडणीचा. खायचं द्राक्ष 17-18 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) निघतं. वाईनचं 22 ते 24 पर्यंत थांबवतात, कारण यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. ढोबळ हिशोब असा की ब्रिक्सला 0.55 नं गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी येते. 22 ब्रिक्स म्हणजे बारा टक्के. नुसती गोडी वाढून भागत नाही, आंबटपणाही टिकायला हवा. आपल्याकडं मार्चमध्ये ऊन एकदम चढतं आणि मण्यातलं आम्ल भराभर उतरतं. तोडणी चार दिवस लांबली तरी माल बिघडतो. शिवाय माल उशिरापर्यंत वेलीवर म्हणजे गारपिटीचा धोकाही तितके दिवस जास्त. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही.

आता वाण. महाराष्ट्रात वाईनसाठी पांढऱ्यांत शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यों ब्लांक, तर काळ्यांत शिराज आणि कॅबरने सोव्हिन्यों हे मुख्य. शेनिन मूळचा फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातला; माल भरपूर देतो, पण घड गच्च असल्यानं पाऊस लागला की आतून सडतो. सोव्हिन्यों ब्लांकची सगळी किंमत त्याच्या ताज्या, हिरव्या वासात आहे आणि उष्णतेत तोच आधी जातो. मला विचाराल तर आपल्या उन्हात तो लावू नये. कॅबरने बोर्दोचा, साल जाड, उतारा कमी. शिराज ऱ्होन खोऱ्यातला आणि गरम हवेत या चौघांत सगळ्यात जास्त तगणारा. माझी पसंती त्यालाच. काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक रंगहीनच असतो. सालीसकट आंबवला तर लाल वाईन होते, साल काही तासांतच वेगळी केली तर गुलाबी.

खायच्यांत थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही नावं तुम्हाला पाठ असतील. यातल्या थॉमसन आणि माणिक चमनचा मोठा गुण असा की बाजार पडला तरी माल वाळवणीच्या रॅकवर टाकता येतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवला की साधारण दोन आठवड्यांत बेदाणा. चार किलोला एक किलो पडतो, पण माल मातीत जात नाही. आपली मार्च-एप्रिलची कोरडी हवा याला उत्तम.

वाईनच्या मालाला ही पळवाट नाही. त्यात बी असते, मणी बारीक, साल चिवट. हातगाडीवर कुणी घेत नाही आणि बेदाणाही होत नाही. एकच दार, ते म्हणजे वायनरी. 2008 नंतर मंदी आली तेव्हा नाशिक भागात माल उचलायला कुणी नव्हतं आणि शेतकऱ्यांनी उभ्या वेली उपटल्या. त्यांच्या तर दारात वायनऱ्या होत्या. औशाहून नाशिक चारशे किलोमीटरच्या आसपास. अकलूज त्यामानानं जवळ, तिथं मोठी वायनरी आहे. तरी तोडलेलं द्राक्ष गारव्यात आणि लवकर पोचावं लागतं. वाटेत मणी फुटून आंबायला लागला की दर गेला.

पाण्यात मात्र दोघांत डावं-उजवं करू नका. इब्न बतूता या प्रवाशानं चौदाव्या शतकात लिहून ठेवलंय की दौलताबादला द्राक्षं वर्षातून दोनदा येतात. आपल्या हवेत वेल थंड देशांसारखी झोपत नाही, म्हणून आपण दोनदा छाटतो, एप्रिलला काडी तयार करायला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळासाठी गोडी छाटणी, आणि पीक एकदाच घेतो. पुढच्या वर्षीचा घड खरड छाटणीनंतर, ऐन उन्हाळ्यात काडीवरच्या डोळ्यात ठरतो. म्हणजे विहीर तळाला गेलेली असते तेव्हाच बागेला पाणी हवं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तो काळ आठवा. जालन्याच्या कडवंची गावानं आधी पाणलोटाची कामं केली, शेततळी केली, मग द्राक्ष वाढवलं. अस्तर घातलेलं शेततळं नसेल तर दोन्हीपैकी काहीच लावू नका.

भावाला मी सांगितलं: माणिक चमनच लाव. खुंट, म्हणजे मुळांसाठीचं वेगळं रोप, फेब्रुवारीत आणि त्यावर कलम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. जमीन खारवट असेल तर खुंट निवडताना माती-पाण्याचा रिपोर्ट हातात ठेव. उद्या वायनरी खरोखर दारात आली तर त्याच खुंटावर शिराजचं कलम बांधता येतं. आणि आजच कुणी वाईनचा करार घेऊन आलं तर सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर घे: दर कोणत्या ब्रिक्सला, तोडणीचा दिवस कोण ठरवणार, गाडीभाडं कुणाचं, आणि तोडणीच्या आठवड्यात पाऊस पडला तर माल कोण उचलणार.