कोडची मांडणी एकसारखी करून देणारं प्रेटियर वापरून आठ महिने झाले, भांडणं मिटली पण पहिला आठवडा लय बेकार गेला

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू मोठ्या कंपनीतल्या लोकांसाठी नाही. आम्ही सांगलीत विश्रामबागला एका जिमच्या वरच्या मजल्यावर बसणारी चार टाळकी, काम म्हणजे हळदीच्या व्यापाऱ्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, आवक, वजन, हमाली, तोलाई, अडत आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी. सगळं जावास्क्रिप्टात. चौघांचे कोड लिहायचे चार एडिटर आणि चौघांच्या चार सवयी, एक सिंगल कोटवाला (म्हणजे एकेरी अवतरणचिन्हवाला), एक डबल कोटवाला, एकाला सेमीकोलन बघवत नाही आणि मी ओळ आत सरकवायला चार स्पेस मारणारा. वर्षभर ह्याच्यावरनं भांडलोय. भडंग खात चालू झालेली मीटिंग रात्री नऊला कोटावरनं संपायची, निर्णय शून्य.

मग एकदा दणका बसला. आमच्या मिरजेच्या भिडूनं हमालीच्या हिशेबात दोन ओळी बदलल्या, पण त्याच्या एडिटरनं सेव्ह करताना अख्खी फाईल स्वतःच्या पद्धतीनं मांडली, त्यामुळं माझ्याकडं तपासायला, म्हणजे कोड रिव्ह्यूला, आल्या सहाशे ओळी, लाल हिरवं नुसतं. मी वर खाली स्क्रोल केलं आणि 'ओके' ठोकलं. त्या सहाशेत एका ठिकाणी हमाली दोनदा वजा होत होती. पट्टी कमी आली म्हणून व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा कळलं. चूक माझीच, बघितलंच नाही ना मी नीट.

त्याच आठवड्यात प्रेटियर टाकलं. फुकट आहे, जेम्स लाँगनं २०१७ च्या जानेवारीत काढलेलं. हे नुसतं स्पेस सरळ करत नाही, तुमचा कोड वाचून त्याच्या रचनेचं आतल्या आत झाडासारखं चित्र बनवतं, तुम्ही मारलेले स्पेस आणि एन्टर जवळपास सगळे टाकून देतं आणि मग पहिल्यापासून परत छापतं, ओळ ८० अक्षरांच्या आसपास ठेवून. म्हणजे तुम्ही कसंही खरडा, बाहेर एकच रूप येणार. सेटिंगही मुद्दामच मोजके ठेवलेत, आणि मला विचाराल तर खरा माल तोच आहे. मार्केट यार्डात शेतकऱ्यानं आपला काटा आणायचा नाही आणि व्यापाऱ्यानंही आणायचा नाही, यार्डाचा काटा दाखवेल ते वजन, तसं हे. मला त्याचे डबल कोट अजूनही आवडत नाहीत, पण ते मिरजेच्या भिडूचे कोट नाहीत ना, मग चालतंय.

आता त्रास सांगतो.

पहिला, व्हर्जन. दोघांकडं जुनं २ होतं आणि दोघांकडं ३. तिसऱ्या व्हर्जनात फंक्शनच्या आर्ग्युमेंटनंतर (कंसात दिलेल्या किमतींनंतर) शेवटचा स्वल्पविराम आपोआप लागतो (ओळी मोडल्या असतील तरच), दुसऱ्यात तो लागत नाही. त्यामुळं मी सेव्ह केलं की स्वल्पविराम यायचा, ज्युनियरनं सेव्ह केलं की जायचा, चार दिवस हाच खेळ, आणि ती बिचारी मला विचारतेय, "दादा, माझंच काय चुकतंय का?" म्हणून प्रोजेक्टात अगदी नेमका व्हर्जन नंबर लिहा, पुढचं ते टोपीचं चिन्ह (^, म्हणजे 'ह्याच्यापेक्षा नवं असलं तरी चालेल') काढून टाका, एडिटरचं एक्स्टेन्शनही प्रोजेक्टातलंच व्हर्जन वापरतंय ना बघा.

दुसरा, विंडोज. प्रेटियरला ओळीचा शेवट लिनक्स पद्धतीचा लागतो, २०२० च्या २.० पासून डिफॉल्टच तसा केलाय, आणि विंडोजवरचं गिट (कोडातले बदल नोंदवून ठेवणारं टूल) फाईल उतरवून घेताना बऱ्याचदा तो विंडोज पद्धतीचा करून देतं. मग तपासणी चालवली की एकूण एक फाईल नापास. अर्धा दिवस वाटलं टूलच गंडलंय. गिटच्या अ‍ॅट्रिब्यूट्सच्या फाईलीत एलएफची (म्हणजे लिनक्सवाल्या शेवटाची) एक ओळ टाकली आणि मिटलं.

तिसरा म्हणजे अख्खा प्रोजेक्ट एकदम फॉरमॅट केला की बदललेल्या प्रत्येक ओळीवर तुमचं नाव चढतं. तो कमिट (गिटमधली बदलांची नोंद) मी केला, त्यामुळं आता ब्लेम, म्हणजे कुठली ओळ कुणी बदलली त्याची यादी, काढला की दोन वर्षांपूर्वीची घाणसुद्धा माझ्या खात्यावर. ह्याला उपाय आहे, तो कमिट वेगळा ठेवायचा, त्यात दुसरा एक शब्द बदलायचा नाही, आणि त्याचा नंबर एका फाईलीत लिहून गिटला सांगायचं की ब्लेममध्ये हा सोडून दे. गिट २.२३ पासून ही सोय आहे, म्हणजे २०१९ पासून, आणि आम्हाला ते कळायला तीन महिने लागले. अजून एक, ज्यांच्या ब्रँचा (चालू कामाच्या वेगळ्या प्रती) उघड्या आहेत त्या आधी मूळ कोडात मर्ज करून घ्या आणि मगच बटण दाबा, नाहीतर एकाच ओळीतल्या दोघांच्या बदलांचे कॉन्फ्लिक्ट सोडवत बसाल.

एका गोष्टीचा मात्र राग अजून आहे. आमच्याकडं तालुक्यांची यादी होती. मी एका ओळीत मिरज, पलूस, वाळवा, शिराळा असे पाणीवाले आणि खालच्या ओळीत जत, आटपाडी, कवठेमहांकाळ असे दुष्काळी ठेवलेले, बाकीचे तीन तिसऱ्या ओळीत, कारण आवकेचा अंदाज काढताना तसंच बघावं लागतं. प्रेटियरनं दहाच्या दहा तालुके एकाखाली एक उभे केले, शाळेच्या हजेरीसारखे. त्याच्या दृष्टीनं ते नुसते दहा शब्द. वर इग्नोरची कॉमेंट टाकली की हात लावत नाही, पण तसल्या कॉमेंटी वाढल्या तर मग टूल कशाला ठेवलं? आमच्यात ठरलंय, अख्ख्या प्रोजेक्टात पाचच्या वर नाहीत. आत्ता तीन आहेत.

आणि हे सगळं करून कोड चांगला होतो असं समजू नका, व्हेरिएबलला 'अबक२' नाव दिलं तर प्रेटियर ते सुंदर मांडून देईल एवढंच. त्याच्यासाठी कोडातल्या चुका दाखवणारं ईएसलिंट वेगळं लागतं, आणि दोघं एकमेकांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून मांडणीचे नियम ईएसलिंटमधनं बंद करायचे. दर काढायच्या पायथॉन स्क्रिप्टला आम्ही ब्लॅक (पायथॉनचं असंच टूल) लावलंय, त्याचं ओळीला ८८ अक्षरांचं गणित आहे, तिथं कुणी तोंडच उघडलं नाही, दमलेलो सगळे.

स्टार द्यायचे तर पाचात चार.

सेटिंग आम्ही फक्त एक बदललं, स्पेसच्या जागी टॅब. आमच्या एकाची नजर अधू आहे, अक्षर मोठं करून काम करतो, दोन स्पेसचं अंतर त्याला दिसतच नाही, आणि हे तो वर्षभर बोलला नव्हता, आम्हाला वाटायचं हट्टी आहे. टॅब असला की रुंदी ज्याची त्यानं आपल्या एडिटरात ठेवायची, फाईल तीच राहते. परवा म्हणाला त्यानं सहा ठेवलीय. आम्हाला पत्ताच नव्हता.