परदेशी बायकोची ‘स्पॉन्सरशिप’ आणि १,८५,००० ची पावती

“वहिनींचं काम म्हणजे घरचंच काम, भाऊ. तीन महिन्यांत ओसीआय हातात.”

गोव्यात डिचोलीकडच्या एका घरात एजंट हे बोलला आणि त्याच बैठकीत पहिला हप्ता रोख घेऊन उठला. ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड, परदेशी पासपोर्टवरच्या माणसाला व्हिसाशिवाय भारतात राहू देणारं. नवरा भारतीय पासपोर्टवरचा, इंग्लंडातली नोकरी आटोपून गावी परतलेला. बायको ब्रिटिश. लग्न तिथेच रीतसर रजिस्टर झालेलं, जेमतेम सव्वा वर्षापूर्वी. एजंट पाठवला नात्यातल्याच माणसाने, त्यामुळे घरात कुणी फार विचारलं नाही. सगळे हप्ते धरून गेले १,८५,००० रुपये. हाती आला एक रंगीत कागद, एक खोटा विवाह दाखला आणि मुदत उलटलेला व्हिसा.

पावती मात्र व्यवस्थित आहे. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट ४५,०००. दिल्ली अपोस्टिल २२,०००. गोव्यात लग्ननोंदणी ३०,०००. टुरिस्ट व्हिसाचा रेसिडेन्समध्ये बदल ४०,०००. ओसीआय, अर्जंट, ४८,०००. या पाच ओळी नीट वाचल्या तर या धंद्याची सगळी मेख कळते, कारण थोड्याफार फरकाने याच ओळी इतरांनाही विकल्या जातात.

पहिली ओळ सगळ्यात चलाख. ब्रिटनमध्ये नवऱ्याला किंवा बायकोला न्यायचं तर तिथला जोडीदार खरोखरच स्पॉन्सर असतो. एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जाला वर्षाला २९,००० पौंडांची मिळकत दाखवावी लागते. आखातात तर बहुतेक ठिकाणी कफीलशिवाय, म्हणजे तिथल्या हमीदार मालकाशिवाय, पान हलत नाही. तिकडे दिवस काढून आलेल्या माणसाच्या डोक्यात ‘स्पॉन्सर’ हा शब्द पक्का बसलेला असतो आणि एजंट नेमका तोच विकतो. भारतात परदेशी जोडीदारासाठी ‘स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट’ देणारी कचेरी नाही. पणजीत नाही, दिल्लीतही नाही. इथे स्पॉन्सर म्हणजे तुम्ही स्वतः : तुमच्या पासपोर्टची प्रत, लग्नाचा दाखला, राहत्या घराचा पुरावा आणि साध्या कागदावर सहीचं विनंतीपत्र. हमीपत्र मागितलंच तर ते स्टॅम्पपेपरवर टाईप करून नोटरीकडे होतं. या घराला मिळालेल्या ‘सर्टिफिकेट’वर अशोकस्तंभ होता, सोनेरी किनार होती, पण ते कुठल्या कायद्याखाली दिलं आणि कुठल्या अधिकाऱ्याने दिलं, याचा पत्ता नव्हता.

अपोस्टिलची ओळ अज्ञानावर चालते. अपोस्टिल म्हणजे कागद ज्या देशात निघाला त्या देशाच्या सरकारने ‘ही सही, हा शिक्का खरा’ असं दिलेलं प्रमाणपत्र. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ पासून आहे. आपलं परराष्ट्र मंत्रालय भारतीय कागदांना अपोस्टिल देतं. त्याची सरकारी फी कागदामागे ५० रुपये, वर कागद स्वीकारणाऱ्या एजन्सीचा थोडा आकार. इंग्लंडात निघालेल्या विवाह दाखल्याला दिल्ली अपोस्टिल देऊच शकत नाही, ते इंग्लंडातूनच आणावं लागतं. म्हणजे २२,००० रुपये अशा कामाचे गेले, जे भारतात होतच नाही. दाखल्याच्या पाठीवर चिकटवलेला स्टिकर कुठून छापून आणला, देव जाणे. गावी परतायचं ठरलं की सामान बांधायच्या आधी विवाह दाखला आणि जोडीदाराचा जन्मदाखला तिथेच अपोस्टिल करून घ्या. नंतर कुरिअरने करायला गेलात तर महिने जातात.

तिसऱ्या ओळीने सगळ्यात जास्त नुकसान केलं. एजंट म्हणाला, “परदेशातलं लग्न इथे चालत नाही, गोव्यात परत नोंदवायला हवं.” गोव्यात नागरी विवाहासाठी वधूवर तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारसमोर आधी लग्नाच्या इराद्याची सही करतात, मग नोटिशीची मुदत गेल्यावर दुसरी सही. ही प्रक्रिया अविवाहितांसाठी आहे. आधीच रजिस्टर लग्न झालेल्या जोडप्याने तिथे सही करायची म्हणजे सरकारदरबारी खोटं निवेदन. या प्रकरणात तेवढंही झालं नाही. दोघांना कचेरीत नेलंच नाही, कोऱ्या फॉर्मवर घरीच सह्या घेतल्या. दाखल्यावर शिक्का तालुक्याच्या कचेरीचा, पण त्यावरचा नोंद क्रमांक वहीत शोधला तर तिथे भलत्याच जोडप्याची नावं. हे तपासायला अर्धा दिवस पुरतो : दाखल्यावरचा क्रमांक आणि वर्ष घेऊन त्याच कचेरीत प्रमाणित प्रत मागायची. नोंद खरी असेल तर प्रत मिळते.

आणि समजा नोंद खरी निघाली असती, तरी फायदा काय? नागरिकत्व कायद्याचं कलम ७अ सांगतं की भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआयधारकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय हवं तर लग्न रजिस्टर झालेलं हवं आणि अर्जाच्या लगेच आधीची किमान दोन वर्षं ते अखंड टिकलेलं हवं. या जोडप्याच्या लग्नाला सव्वा वर्ष. पैसे घेतले त्या दिवशीच अर्ज अपात्र होता आणि एजंटला ते ठाऊक असणारच. त्यात फायलीत दोन विवाह दाखले, दोन तारखा. यातली खरी कुठली, हे कुठलाही अधिकारी विचारणार, आणि खोट्या तारखेमागे तुमचीच सही.

चौथी आणि पाचवी ओळ एकमेकींत अडकलेल्या आहेत. एजंटने आधीच सांगून ठेवलेलं, “ई-टुरिस्टवर आणा, पुढचं मी इथे बघतो.” टुरिस्ट व्हिसावर असताना भारतातून ओसीआयचा अर्ज करता येत नाही. शिवाय इथून अर्ज करणाऱ्याचं भारतात सलग सहा महिने वास्तव्य लागतं. लग्नाच्या नात्यावर व्हिसा बदलून घ्यायचा तर अर्ज ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, सरकारी पोर्टलवर, हातातला व्हिसा जिवंत असताना करायचा असतो. एजंट “फाईल आत आहे” म्हणत राहिला. फाईल भरलेलीच नव्हती. मुदत गेली. आता बाहेर पडायलाही एक्झिट परमिट हवं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्टखाली मुदतीबाहेर राहिल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बनावट व्हिसा किंवा प्रवासाचा कागद वापरला तर दोन ते सात वर्षं आणि एक ते दहा लाखांचा दंड. बनावट शिक्का बहुतेक वेळा सापडतो तो दाबोळी किंवा मोपा विमानतळाच्या काउंटरवर, आणि तिथे एजंट नसतो, बायको असते.

‘अर्जंट’ ओसीआय असा प्रकार नाही. भारतात नव्या अर्जाची फी १५,००० रुपये. जोडीदाराच्या नात्यावरच्या अर्जाला आधी सुरक्षा तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे, दोघांना बोलावून विचारपूसही होऊ शकते. त्यामुळे दिवस मोजून देणारा माणूस थापा मारतोय, एवढं धरून चालायला हरकत नाही.

हे सगळं महिनोन्महिने झाकून राहिलं ते एका साध्या युक्तीने. अर्जांसाठीचा ईमेल आणि मोबाईल नंबर एजंटने स्वतःचा दिला होता. पोर्टलवरची सगळी विचारणा त्या ईमेलवर येते, ओटीपी त्या मोबाईलवर. म्हणजे सगळ्या किल्ल्या त्याच्या खिशात. टायपिंग कुणाकडूनही करून घ्या, त्यात लाज नाही, पण ईमेल तुमचा, नंबर तुमचा आणि फी तुमच्या कार्डावरून. साईटचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’नेच संपतो ना, हेही बघा, व्हिसाच्या नावाने चालणाऱ्या हुबेहूब खासगी साईटी भरपूर आहेत आणि त्यांचं शुल्क सरकारी शुल्काच्या कितीतरी पट असतं.

मग सरळ वाट कुठली? लग्नाला दोन वर्षं झाली असतील तर परतायच्या आधी, राहत्या देशातल्या भारतीय वकिलातीमार्फतच ओसीआय काढा. फी २७५ डॉलर किंवा तेवढ्या किमतीचं स्थानिक चलन. झाली नसतील तर तिथूनच जोडीदारासाठी एंट्री व्हिसा घ्या. तो १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी लागते. स्टिकरवरचा बारीक मजकूर तेवढा वाचा. घरात परदेशी माणूस उतरला की २४ तासांत ती माहिती ऑनलाइन भरायची, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. हॉटेलवाल्यांना हे पाठ असतं. “आमच्या घरची सून, तिचा कसला फॉर्म” म्हणणाऱ्या घरांतून ते राहतं आणि पुढे अडतं.

गोव्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. तुम्ही स्वतः लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर तुम्ही भारतीय नागरिक उरलेला नाही. नागरिकत्व कायद्याचं कलम ९. आधी भारतीय पासपोर्ट जमा करणं, मग तुमचं ओसीआय, आणि त्यानंतर जोडीदाराचं. “जुना भारतीय पासपोर्ट अजून चालतो, त्यावरच बायकोला दाखवू” म्हणणारा एजंट तुम्हाला पासपोर्ट कायद्याच्या गुन्ह्यात उभा करतोय. दुसरी गोष्ट स्पेलिंगची. आजोबांच्या कागदावर पोर्तुगीज वळणाचं ‘पोरोबो’, वडिलांच्या दाखल्यावर ‘प्रभू’, तुमच्या पासपोर्टवर तिसरंच. याचा बाऊ करून ‘नेम करेक्शन’चे हजारो रुपये उकळतात. नोटरीसमोरचं ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी पुरतं. नाही पुरलं तर मूळ नोंदीतच दुरुस्ती, तीही कचेरीतून.

जाता जाता, ओसीआय मिळाल्यावर भाट, म्हणजे माडांची बागायत, विकत घेऊन वहिनींच्या नावावर करून देतो, असंही या एजंटने सांगितलं होतं. ओसीआयधारकाला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. माडांचं भाट त्यातच आलं.

पैसे गेलेच असतील तर ऑनलाइन दिलेल्या रकमेसाठी त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळायची शक्यता कमी. रोख दिले असतील तर पावती, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि बनावट कागद घेऊन पोलिसांत लेखी तक्रार. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. बनावट दाखला फाडू नका, तोच पुरावा. मात्र कुठल्याही अर्जाला तो जोडू नका, आणि जोडला गेला असेल तर तुम्हीच आधी लेखी कळवा. एजंट “उरलेले द्या, मग पासपोर्ट न्या” म्हणाला तर एक रुपयाही देऊ नका. पासपोर्ट ज्या देशाचा, त्या सरकारची ती मालमत्ता. अडवून ठेवल्याची तक्रार पोलिसांत द्या आणि तिची प्रत जोडीदाराच्या वकिलातीला त्याच दिवशी पाठवा. मुदत उलटली असेल तर एक्झिट परमिटचा अर्जही त्याच आठवड्यात, या खेपेला स्वतःच्या ईमेलवरून, पोलीस तक्रारीची प्रत जोडून.